खालचा आकडा

म्हातारपणी धमन्या ताठ होण्यामागे दाहाचाही हात असतो, ही परवाची बातमी सगळ्यांनीच वाचलेली होती, म्हणून पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर ती पुन्हा कोणी सांगितली नाही. मालकांनी थेट खिशातून रक्तदाबाचा कागद काढला. वर १६८, खाली ६२. "वरचा जरा चढला आहे, पण खालचा बघा, अगदी तरुणासारखा," असे म्हणून त्यांनी शेंगाचटणीची पुडी मांडीवर घेतली.

मालकांचे सारे वैद्यक नळदुरुस्तीवर उभे आहे. नळात गाळ साचतो तसा धमनीत साचतो आणि त्यांच्या लसूण-लिंबाच्या काढ्याने तो वाहून जातो, हे आम्ही दहा वर्षे ऐकत आलो आहोत. काढ्याची बाटली त्यांनी प्रत्येकाच्या घरी पोचवली आणि वर दोनशे रुपयेही घेतले.

अण्णांची हयात लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली. त्यांनी पुडीचे रबर काढून ताणले. त्यावर बारीक भेगा दिसल्या, आणि सोडल्यावर ते लोंबतच राहिले. "मालक, हा तुमचा खालचा आकडा," अण्णा म्हणाले. "हृदयाच्या ठोक्यासरशी महाधमनी फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आक्रसून रक्त पुढे ढकलते, खालचा आकडा त्या आक्रसण्यावर टिकतो. त्यासाठी लागणारे इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचे धागे शरीर लहानपणीच विणून ठेवते, नंतर जवळजवळ विणतच नाही. दिवसाला लाखभर ठोके खाऊन ते उसवतात, त्यांच्या जागी ताठ कोलॅजेन आणि कॅल्शियम येते, मग वरचा आकडा चढतो आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा उतरू लागतो. तुमच्या दोन आकड्यांत १०६ चे अंतर आहे. हे तारुण्य नव्हे."

मास्तरांनी विचारले, "पण यात दाह कुठून आला? ताप नाही, सूज नाही."

"तो धुमसणारा असतो, भडकणारा नव्हे," अण्णा म्हणाले. "म्हाताऱ्या पेशी विभागायचे थांबतात, पण मरत नाहीत, बसल्या जागी चिडकी रसायने सोडत राहतात."

"या कट्ट्यासारख्या," मास्तर म्हणाले.

अण्णांनी तिकडे दुर्लक्ष केले. पोटाची चरबी आणि मालकांच्या मिश्रीने खिळखिळ्या झालेल्या हिरड्या त्यात भर घालतात, हे मात्र त्यांनी आवर्जून सांगितले. धमनीचे आतले अस्तर एका पेशीइतकेच जाड असते आणि तेच नायट्रिक ऑक्साइड सोडून धमनी सैल ठेवते. या वायूच्या या कामाच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. दाहात तो वायू कमी पडतो, अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि तिथले कोलेस्टेरॉल खाऊन फुगतात. "म्हणजे गाळ नळात नाही, भिंतीच्या आत आहे. तुमचा काढा तो धुणार कसा?"

"माझे कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे," मालक गरजले.

"२०१७ साली हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण असलेल्या दहा हजार लोकांवरचा एका औषधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. औषधाने कोलेस्टेरॉल हलले नाही, फक्त दाह उतरला, तरी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत पुढचे झटके आणि तत्सम घटना १५ टक्क्यांनी घटल्या. जंतुसंसर्गाने दगावणारे मात्र थोडे वाढले. दाह हा आपला पहारेकरीही असतो. पुढे कोल्चिसिन हे दाह उतरवणारे दुसरे औषध आले. अमेरिकेत २०२३ साली हृदयरुग्णांसाठी त्याच्या अर्ध्या मिलिग्रॅमला मान्यता मिळाली."

"ती तर माझ्या अंगठ्याच्या गाउटची गोळी!" मालक एकदम खुलले.

मास्तरांनी उगाच माहिती पुरवली की ते द्रव्य आपल्या कळलावीच्या वेलातही असते. मालकांच्या डोळ्यांत नव्या बाटल्या चमकू लागल्या.

"खबरदार! त्या कंदाने माणूस मरतो," अण्णा ओरडले. "आणि मास्तर, कट्ट्यावर एक कळलाव्या पुरे आहे."

हसण्याच्या गदारोळात मालक तणतणत उठले; पण पुडीचे रबर अजून अण्णांच्या बोटांत होते. अर्धी चटणी त्या कागदावर सांडली आणि वरचा आकडा तेलात बुडाला. खालचा तेवढा स्वच्छ दिसत होता.