टीआर१४ म्हणजे कोण, एवढं तरी सांगा!

कोण आहे हा टीआर१४? आमच्या सर्व्हरवरचं हे एक लॉगिन, पण त्यामागचा माणूस कोण? महापेच्या आमच्या ऑफिसात एकाही माणसाला हे सांगता येत नाही, आणि हा टीआर१४ आमच्या सगळ्यांच्या मशीनची मेमरी एकटा खात बसलाय. डोकं फिरायची वेळ आलीय, म्हणून लिहितोय.

आमचं काम टाक्या, प्रेशर व्हेसल, पाइपिंग यांचं ॲनालिसिस करायचं. ते लॅपटॉपवर होत नाही, म्हणून एक मोठा लिनक्स सर्व्हर आहे. सगळे त्यात लॉगिन करतात आणि आपापले रन, म्हणजे तासन्‌तास चालणारी गणितं, टाकतात. सगळ्यांचं मशीन म्हटल्यावर थोडी ओढाताण होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ओढतंय कोण हे कळायला काही सोय तर हवी ना!

परवा दुपारी मशीन अचानक जड झालं. टाइप केलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागत होता. कोण कोण लॉगिन आहे ते दाखवणारी ‘डब्ल्यू’ कमांड मारली: टीआर१४, बाहेरून लॉगिन, कित्येक तास कीबोर्डला हात नाही. चालू कामं दाखवणारी ‘पीएस’ मारली: त्याच्या नावावर प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, ही भली मोठी रांग. लॉगिनची ओळख सांगणारी ‘आयडी’ मारली, तर एक नंबर आणि ‘युजर्स’ नावाचा ग्रुप, ज्यात सगळेच आहेत. मग ‘गेटेंट’ कमांडने त्याची पासवर्ड फाइलमधली ओळ काढली. या ओळीत कोलनने तोडलेले सात रकाने असतात. लॉगिन, पासवर्डची जागा, युजर नंबर, ग्रुप नंबर, मग पाचवा रकाना माणसाच्या माहितीचा, नंतर होम फोल्डर आणि शेल. पाचवा रकाना रिकामा! दोन कोलन एकमेकांना चिकटलेले. इतरांचे बघितले, तर जवळपास सगळ्यांचे तसेच.

तेवढ्यात मेमरी संपली. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतःच एखादी प्रोसेस मारतो, आणि ढोबळमानाने बोलायचं तर जी एकटी सर्वात जास्त मेमरी धरून बसलीय तिलाच मारतो. टीआर१४ने आपलं काम बारक्याबारक्या प्रोसेसमध्ये तोडलेलं होतं, त्यामुळे त्याचा एकेक तुकडा लहान. आमच्या टीममधल्या मुलीचा रन सकाळपासून नीट चालला होता, पण ती एकच मोठी प्रोसेस. गेली तीच. सगळा गोंधळ ज्याने घातला त्याचे रन चालूच, आणि जिची काही चूक नाही ती संध्याकाळी घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडायची सोडून पुन्हा इनपुट फाइल लावत बसली. दुसऱ्या दिवशी क्लायंटला रिपोर्ट द्यायचा होता. तिचा रडवेला चेहरा बघून माझ्या मस्तकात तिडीक गेली.

दुसऱ्याची प्रोसेस मला मारता येत नाही, ते रूटचं, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेल्या खात्याचं, काम. ते बरोबरच आहे. पण फोन करून “बाबा रे, जरा अर्धे रन थांबव” असं म्हणायला कुठल्या रूटची गरज आहे? फोन करायचा कुणाला, एवढंच तर हवं होतं! हेल्पडेस्कला विचारलं तर म्हणे तिकीट टाका. आणि तिकिटाच्या फॉर्ममध्ये ‘संबंधित युजरचं पूर्ण नाव’ भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अरे, तेच तर विचारतोय मी तुम्हाला!

ही काही नवी मागणी आहे का? स्टॅनफर्डच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये लेस अर्नेस्ट यांनी १९७१ साली ‘फिंगर’ नावाचा प्रोग्राम लिहिला तो याचसाठी. एका मशीनवर अनेक माणसं, समोर दिसतात फक्त लॉगिन, मग त्यामागचा माणूस कोण, आत्ता आहे का, कधी येईल? ‘प्लॅन’ नावाच्या फाइलमध्ये लोक स्वतःच लिहून ठेवत की मी अमुक दिवसापर्यंत नाही. पन्नास वर्षांपूर्वी लोकांना कळत होतं की सामायिक मशीन वापरायचं तर एकमेकांना शोधता आलं पाहिजे. आणि आज नवी मुंबईतल्या चकचकीत इमारतीत बसून आम्ही “कोण आहे रे टीआर१४” असं ओरडत मजले पालथे घालतोय.

आयटीवाल्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: सिक्युरिटी. मान्य, २ नोव्हेंबर १९८८ला रॉबर्ट मॉरिसचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम, सुटला तो फिंगरच्या सर्व्हर प्रोग्राममधल्या भोकातूनही घुसला होता. त्यानंतर ७९ नंबरचं पोर्ट, म्हणजे फिंगरचं नेटवर्कवरचं दार, जगाला उघडं ठेवणं लोकांनी हळूहळू बंद केलं, ते योग्यच केलं. पण मी जगाला दाखवा म्हणतोय का? मी आधीच लॉगिन केलेला, याच कंपनीचा माणूस. पाचवा रकाना भरायला कुठलं पोर्ट उघडावं लागतं? नेटवर्कवरची सेवा बंद करणं वेगळं आणि आतल्या नोंदी कोऱ्या ठेवणं वेगळं. एकाच्या नावाखाली दुसरं खपवू नका.

दुसरं उत्तर प्रायव्हसी. २०२३चा डेटा संरक्षण कायदा तोंडावर फेकतात. त्या रकान्यात पूर्वी घरचा फोनसुद्धा लिहीत. तो नको, कुणालाच नको. मला हवंय नाव, टीम, एक्स्टेन्शन. हे तिन्ही ऑफिसच्या मेल डिरेक्टरीत सगळ्यांना दिसतंच. फक्त कुठलं लॉगिन कुणाचं, एवढी एकच सांगड कुणी घातलेली नाही. हा आळस आहे, त्याला प्रायव्हसीचं सोवळं नेसवू नका!

आणि सामायिक लॉगिन! ‘डिझाइन’ नावाचं एक खातं आहे, त्याचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे देव जाणे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२चे निर्देश आहेत की सिस्टिमचे लॉग, म्हणजे कामाच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवा. कशासाठी? कुणी काय केलं हे नंतर शोधता यावं म्हणून ना? उद्या काही घडलं तर लॉग सांगणार ‘डिझाइन’ने केलं. झालं समाधान? सिडकोच्या साध्यातल्या साध्या सोसायटीतसुद्धा जिन्याखाली फ्लॅट नंबरासमोर नावांचा बोर्ड असतो, कारण वरून गळती सुरू झाली तर कुणाचं दार ठोठवायचं हे खालच्याला कळावं लागतं.

सगळ्यात भयंकर प्रकार सोडून गेलेल्यांचा आहे. फाइलवर मालकाचं नाव नसतं, त्याचा युजर नंबर असतो. खातं काढून टाकलं की फाइलींच्या लिस्टमध्ये नावाच्या जागी नुसता आकडा दिसतो. इथवर ठीक, निदान कळतं की माणूस गेलाय. पण आमच्याकडे तोच नंबर नव्या माणसाला देऊन टाकतात! मग गेलेल्या इंजिनिअरची जुनी कॅल्क्युलेशन आपोआप नव्या पोराच्या मालकीची होतात. त्याला ती उघडता येतात, बदलता येतात, पुसताही येतात. मागच्या वर्षीच्या एका टाकीचं कॅल्क्युलेशन मी परवा उघडलं, तर मालक म्हणून आत्ता जॉइन झालेल्या ट्रेनीचं लॉगिन. त्या बिचाऱ्याला हा प्रोजेक्ट काय होता तेही माहीत नाही. टाकी फुटली तर जबाब कोण देणार?

आणि हे सगळं दुरुस्त करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, बजेट लागत नाही. ‘सीएचएफएन’ ही कमांड आहे, रूटने चालवायची, पाचव्या रकान्यात नाव टाकायचं, एक्स्टेन्शन टाकायचं, झालं. गेलेल्याचं खातं बंद करा पण नंबर कुणाला देऊ नका, आकड्यांना काही तोटा नाही. माणसांची यादी एचआरकडे आहे, लॉगिनची यादी आयटीकडे आहे, आणि दोघं एकाच मजल्यावर बसतात. उद्या सकाळी दोन्ही याद्या घेऊन एका टेबलाशी बसा आणि टीआर१४पासून सुरुवात करा, कारण त्याचे रन अजून चालूच आहेत.