आडनाव बघून घ्या

पुढचं पुस्तक कोणतं घ्यावं, हा प्रश्न खरं तर इतिहासप्रेमी माणसाला पडूच नये. मत आधीच पक्कं असलं की पुस्तक आपोआप सापडतं. तरीही काहींना पडतो. नागपुरात, सीताबर्डीच्या गर्दीत आणि प्रदर्शनांच्या मंडपात घाम गाळून मिळवलेलं हे ज्ञान त्यांच्यासाठी फुकट देतो आहे.

आधी मुखपृष्ठ पाहा. घोडा मागच्या दोन पायांवर उभा हवा. चारही पाय जमिनीवर असलेला घोडा दिसला की ठेवून द्या, आत सनावळ्या निघतात.

मग शेवटची पानं. संदर्भसूची असेल तर पुस्तक परत. ज्याला पानंच्या पानं दुसऱ्यांची नावं लिहावी लागतात, त्याला स्वतःला काय येतं? त्यापेक्षा कादंबरी बरी. लढाईच्या आदल्या रात्री शामियान्यात एकटे असताना राजे मनाशी काय म्हणाले, हे कादंबरीकाराला शब्दन् शब्द ठाऊक असतं. तेच पुढे भाषणात जातं, भाषणातून मोबाइलवर, आणि मग 'इतिहास साक्षी आहे' म्हणून आपल्याच घरी येतं.

पीडीएफ मागा. वाचू नका, पुढे पाठवा.

आता मुख्य कसोटी, लेखकाचं आडनाव. ही मला परवाच कळली. एका प्रदर्शनात नागपूरकर भोसल्यांवरचं पिवळ्या पानांचं एक जुनं पुस्तक चाळत उभा होतो. शेजारच्या काकांनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. अनुक्रमणिका पाहिली नाही, एक पान उलटलं नाही. लेखकाच्या नावावर अंगठा ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे काऊन घेऊन राहिले भाऊ? हे त्यांच्यातले आहेत." मी विचारलं, तुम्ही वाचलंय का? "वाचाचं काय काम? आडनावावरून समजते ना!"

समजतं, काका. पण मग या गावाचं काय करायचं? 1702 च्या सुमारास नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह, देवगडचा गोंड राजा. धर्म बदललेला, नाव औरंगजेबाने दिलेलं, आणि पुढे त्याच औरंगजेबाच्या मुलखात लुटालूट करणारा. बसवा त्याला एखाद्या कप्प्यात! 1763 मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, तेव्हा आपले जानोजी भोसले निजामाकडून होते. राक्षसभुवनच्या लढाईच्या तोंडावर ते पुन्हा पेशव्यांकडे आले. हे कोणत्या आडनावाच्या माणसाने लिहिलं म्हणजे तुम्हाला चालेल? पहिल्या रघूजी भोसल्यांच्या स्वारांनी 1751 पर्यंत बंगालला सुखाने झोपू दिलं नाही. ओडिशा मिळवलं, चौथाई मिळवली म्हणून आपली छाती फुगते, आणि तिकडे बर्गी (म्हणजे आपलेच मराठे स्वार) आले अशी भीती घालून पोरांना निजवायचं अंगाईगीतच आहे. दोन्ही खरं आहे. पण दोन्ही एकाच पुस्तकात आलं की ते पुस्तक कोणाचंच नसतं, स्टॉलवर धूळ खात पडतं.

आणि हो, स्वतःच्या गावाबद्दल तर मुळीच वाचू नका. इतिहास पुण्या-साताऱ्याकडे घडतो. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. तिथून राणी प्रभावतीगुप्तेने दिलेला ताम्रपट अभ्यासकांत 'पुणे ताम्रपट' म्हणून ओळखला जातो. आता बोला! (वाकाटकांचे लेख वाचून, लावून देणारे वा. वि. मिराशी नागपूरचेच. त्यांचा ग्रंथ 1963 ला निघाला. ग्रंथालयात बिनधास्त मागा, कोणी नेलेला नसेल.)

सीताबर्डीच्या किल्ल्यात वर्षातले मोजके दिवस आत सोडतात. तेव्हा रांग लावून सेल्फी काढता ना? 1817 च्या नोव्हेंबरात तिथे कोण कोणाशी लढलं, हे विचारलं की एकमेकांची तोंडं बघता. 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, हत्ती-घोडे लिलावात काढले, जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं. आपल्या महालातलं आहे हे. त्याचा राग आला कधी? नाही, कारण त्याचं कोणी रील केलं नाही. राग येतो तो न उघडलेल्या पुस्तकाचा. बंदी मागायला सगळ्यात पुढे, मोर्चाला सुट्टी टाकून हजर, आणि 200 पानं वाचा म्हटलं की वेळ नाही!

नसेल वाचायचं तर नका वाचू, कोणी जबरदस्ती केलेली नाही. पण मग घरात पोरांसमोर बसून, ज्याचं पानही उलटलं नाही त्या पुस्तकावर निकाल देत जाऊ नका. तीही तेच शिकून राहिली आहेत.