दोन्ही हात गुंतलेले असताना

उजवा खांदा अजून वर जात नाही. केस विंचरायचे तर हात डोक्याकडे न्यायच्या ऐवजी डोकं हाताकडे आणावं लागतंय. ‘काय झालं?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायचीही लाज वाटते. एका एल्बोने केलं हे. माझ्या कोपराने नव्हे, पाइपाच्या.

प्रकरण साधं आहे. पत्र्याच्या कडेला पन्हळ, पन्हळीतून पाइप, पाइपातून हजार लिटरची टाकी. टाकी काळी, कारण आत उजेड गेला की शेवाळं धरतं. तोंडाला बारीक जाळी, कारण उघड्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. एवढा सगळा विचार केलेल्या बाईने पन्हळीखालचा एल्बो मात्र सोल्युशन न लावता नुसता दाबून बसवला होता. मधून मधून उघडून पानं-काड्या काढता याव्यात म्हणून. काल दुपारी मोसमातला पहिला दणका पाऊस आला आणि दहाव्या मिनिटाला एल्बो निखळला. मी धावत गेले, दगडावर चढले, तो दाबला. बसला. हात काढला, निघाला. पुन्हा दाबला, बसला. म्हणजे उपाय सापडला होता. फक्त त्या उपायात मी होते.

अशी मी दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखी उभी असताना कुंपणापाशी छत्री आली. छत्रीखाली शेजारचे काका.

“अगं, भिजतेयस की तू!” काका म्हणाले.

या वाक्याला काय उत्तर असतं मला माहीत नाही. मी “हो” म्हटलं.

“पागोळीचं पाणी धरतेयस वाटतं?”

“हो. काका, जरा तारेचा तुकडा असेल तर द्या ना. हे बांधून टाकते. सुतळी असली तरी चालेल.”

“तार...” काका म्हणाले, आणि तारेच्या विचारात गढून गेले. विचार नीट करता यावा म्हणून ते फाटक उघडून आत आले आणि माझ्या अगदी शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या छत्रीला आठ काड्या आहेत. सात काड्या मोकळ्या जागेत गळत होत्या. आठवी माझ्या मानेवर. पाऊस परवडला, तो सगळीकडे सारखा पडतो. छत्रीच्या काडीचं पाणी नेम धरून पडतं.

“किती जमतं गं हे?”

आता इथे माझीही चूक झाली. मला हा हिशोब सांगायला आवडतो. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. माझा पत्रा साठ चौरस मीटरचा, म्हणजे मिलिमीटरला साठ लिटर. थोडं उडतं, थोडं सांडतं, तरी पन्नासेक हाती लागतं. वीस मिलिमीटरमध्ये टाकी भरते. हे सगळं मी हात वर ठेवूनच सांगितलं. बोटं मोकळी नव्हती, नाहीतर मोजूनही दाखवलं असतं.

“आणि तो बाजूचा जाड पाइप कशाला?”

“पहिलं पाणी त्यात जातं. पत्र्यावरची धूळ, पाखरांची शिट, कुजलेला पाला, सगळं त्यात. तीस लिटरने तो भरला की आतला चेंडू वर येऊन तोंड बंद करतो, मग पुढचं पाणी टाकीत.”

“म्हणजे तीस लिटर पाणी तू टाकून देतेस?” काकांचा चेहरा असा झाला, जणू मी घरातलं तान्हं पोर उकिरड्यावर ठेवून आले होते. “अगं, थेंब थेंब वाचवायचे दिवस आहेत!”

“घाण पाणी असतं ते, काका.”

“पावसाचं पाणी घाण कसं असेल? आकाशातून येतं.”

“आकाशातून येतं, पण पत्र्यावरून जातं.”

काकांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. पाहताना छत्री मागे कलली आणि आठव्या काडीच्या जोडीला सातवीही माझ्या मानेवर आली. बराच वेळ पाहून ते गंभीरपणे म्हणाले, “मग हे पाणी तू वापरतेस कसं? पाखरांची शिट असते ना त्यात!”

पावसाचं पाणी स्वच्छ हवेतून पडलं तरी किंचित आम्ल असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा सामू, म्हणजे पीएच, ५.६ च्या आसपास येतो. माझा सामू तोवर त्याच्या बराच खाली गेला होता. तरी मी सांगत राहिले. प्यायला नाही, काका. प्यायचंच झालं तर गाळून आणि चांगलं खळखळ उकळून. हे धुण्याला, फरशीला, संडासात ओतायला, आणि कोंबड्या-शेळ्यांना. क्षार नसल्यामुळे साबणाला इतका फेस येतो की कपडे खळबळून काढताना दमायला होतं.

मध्येच खिडकीत नवरा दिसला. त्याने काच सरकवली. मला वाटलं, तार. “ऐक ना,” तो ओरडला, “नळाला पाणी आलंय, भरून ठेवू का?” आणि काच लावून घेतली. घरात नळाचं पाणी, बाहेर आभाळाचं पाणी, आणि माझे दोन्ही हात पाइपाला. याला सुबत्ता म्हणत असावेत.

पहिल्या पावसाच्या वासाबद्दल किती लिहिलं जातं! १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी त्या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नावसुद्धा देऊन टाकलं. पन्हळीत सहा महिने कुजलेल्या पाल्याचं पाणी बाहीतून काखेपर्यंत उतरतं, त्या वासाला अजून कुणी नाव दिलेलं नाही. माझ्याकडे दोन-तीन आहेत, पण छापण्याजोगी नाहीत.

मग काका गेले. मी म्हटलं, आला देव धावून, तार आणायला गेले. पाच मिनिटांनी परत आले ते बादली घेऊन. निळी बादली. ती त्यांनी माझ्या एल्बोच्या बरोबर खाली मांडली.

“गळतंय ते वाया कशाला घालवायचं,” ते म्हणाले. वाट पाहिली. बादलीत टपक टपक थेंब पडत होते, कारण मी एल्बो जीव तोडून दाबून धरला होता. काकांनी बादलीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अत्यंत मायेने म्हणाले, “तू जरा हात सैल सोड ना. म्हणजे ही भरेल पटकन.”

मी हात सैल सोडला. खरं सांगते, सोडला. मोठ्या माणसांना नाही म्हणायची सवय नाही, आणि खांदाही तेव्हा माझ्या बाजूचा राहिला नव्हता. बादली भरली. काका ती घरी ओतून आले आणि रिकामी पुन्हा मांडली. तीनदा.

पाऊस फुकट असतो असं लोक म्हणतात, ते हेच. टाकी फुकट नसते, पन्हळ नसते, जाळी नसते, ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढा जाड नसेल तर टाकीच्या झाकणावरून पाणी उसळतं हे शिकायला जे घर एकदा तुंबवावं लागतं, तेही नसतं. ही टाकी बसवली तेव्हा याच काकांनी गल्लीभर सांगितलं होतं की बाईला हौस भारी. उन्हाळ्यात नळ आटले, तेव्हा हौस पाहायला सगळे आले. प्रत्येकाच्या हातात भांडं होतं. शिडी धरायला या म्हटलं की मात्र प्रत्येकाच्या गुडघ्यात एकदम वारा शिरतो. असो. असो म्हणते, पण ‘असो’ नाहीये ते.

पाऊस थांबला. टाकी पाऊण भरली होती. माझ्या आठ कोंबड्यांना दिवसाला दोन लिटर पाणी पुरतं, दोन शेळ्यांना दहाएक. म्हणजे जनावरांचे दोन महिने सुटले. मी तोटीखाली घमेलं धरलं. तोटीतून आधी नुसती करंगळीएवढी धार आली, कारण टाकी फूटभरच उंच ओट्यावर आहे. ते भरेपर्यंत उकिडवी बसले, आणि ताजं, गाळलेलं, चेंडूने राखलेलं पाणी शेळ्यांपुढे ठेवलं. थोरलीने हुंगलं. नाक उडवलं. धाकटीने थोरलीकडे पाहून नाक उडवलं. शेळी पाण्याच्या बाबतीत फार नखरेल. टाकीच्या प्लास्टिकचा वास येत असणार. कोंबड्यांचं तर विचारूच नका. घमेल्याला वळसा घालून त्या आठही जणी अंगणातल्या डबक्यावर गेल्या. चोच बुडवून, मान वर करून, एकेक घोट तब्येतीत गिळत होत्या. ते डबकं माझ्याच एल्बोच्या गळतीचं होतं.

रात्री खांद्याला शेक घेत पडले होते तेव्हा एकदम उठून बसले. ती निळी बादली. तिची कडी गेल्या वर्षी तुटली होती आणि तिला मी स्वतः तार गुंडाळली होती, चांगली हातभर. चैत्रात काका पाणी न्यायला आले तेव्हा ती बादली पाण्यासकट गेली ती गेलीच. म्हणजे सगळा वेळ तार माझ्या पायाशी होती.

आज सकाळी काका कुंपणापाशी आले. हातात तीच बादली.

“कालचं पाणी जरा पिवळट निघालं गं,” ते म्हणाले. “ते पहिलं सोडून द्यायचं ना तू? नीट सोडलं नाहीस वाटतं.”

मी बादलीकडे पाहत होते. काकांना वाटलं मला पश्चात्ताप झाला. “असू दे, असू दे,” म्हणाले, आणि बादली घेऊन परत गेले.