काही लागलं तर सांग

"काही लागलं तर हक्काने सांग हं!" हे वाक्य यापुढे कुणी माझ्यासमोर उच्चारलं ना, तर त्याला कपड्यांसकट रामकुंडात ढकलून देईन.

आईचं खुब्याचं हाड मोडलं. इथे नाशकातच, मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरच्या ग्रुपवर कळवलं तर अर्ध्या तासात जोडलेल्या हातांची रांग लागली. "आम्ही आहोत." "रात्री-अपरात्री कधीही फोन कर, भावा." कॉलेज रोडचा मावसभाऊ तर प्रत्यक्ष आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू एकटा नाहीस." दहा मिनिटं होता. त्यातली सहा गाडी लावायला जागा कशी मिळाली नाही यावर गेली.

तिसऱ्या रात्री उभ्या उभ्या डुलकी लागून सलाइनच्या स्टँडवर आपटलो. म्हटलं, चला, आता हक्काने सांगू. "अरे, नेमके आजच पाहुणे आलेत." "मला दवाखान्याचा वास सहन होत नाही रे." एकजण म्हणाला, "पाच मिनिटांत कळवतो." सिंहस्थ बारा वर्षांनी का होईना, पण येतो, याची पाच मिनिटं अजून संपायचीत. मावसभावाने फोनच उचलला नाही, मात्र नऊ वाजता ग्रुपवर सुविचार टाकला. माणुसकीवर!

अरे, जमत नसेल तर नाही म्हणा ना! प्रत्येकाला नोकरी आहे, पोरंबाळं आहेत, नाही म्हटल्याचा राग कोण धरतंय? डोकं फिरतं ते त्या फुकटच्या 'हो'ने. त्याच्या भरवशावर आपण दुसऱ्या कुणाला विचारतही नाही आणि ऐनवेळी तोंडघशी पडतो.

आपल्या गंगेवरचा, म्हणजे गोदावरीवरचा, दुतोंड्या मारुती बघा. तोंडं दोन, पण बोलणं एकच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला म्हणजे गुडघ्याला, कमरेला म्हणजे कमरेला. त्यावर विसंबून माणसं दुकानातला माल हलवतात. आणि आमच्या या एकतोंडी नातेवाइकांच्या शब्दावर मी साधी एक झोप काढू शकलो नाही.

शेवटी सातपूरच्या कंपनीतल्या मित्राला फोन लावला. त्याने आधी काहीच कबूल केलं नव्हतं, ग्रुपमध्ये तर तो नाहीच. म्हणाला, "रात्री नाही जमणार, थर्ड शिफ्ट आहे. सातला सुटतो. साडेसातला येतो, दहापर्यंत बसतो. पुढे मला झोपावं लागेल." बस्स. ना धीर, ना उपदेश. सात पंचवीसला दारात हजर, पायात कंपनीचे सेफ्टी शूज तसेच, हाताला ऑइलचा वास. "जा, आंघोळ करून ये," म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

आता आई घरी आलीय. परवा मावसभाऊ भेटायला आला. निघताना चप्पल घालता घालता, "काही लागलं तर..."

म्हटलं, "लागतंय. मंगळवारी साडेदहाला टाके काढायला न्यायचंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खुर्चीत बसवून उतरवावं लागेल. दोन माणसं हवीत. एक मी."

त्याने खिशातून फोन काढला, उगाच चालू-बंद केला. "मंगळवार ना? बघतो."

बघतो!