धाकटी पाती आणि क्रुसेडची लूट

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर असा: ‘क्रुसेड म्हणजे वाटणीत जमीन न मिळालेल्या धाकट्या मुलांची लूटमोहीम. धर्म नुसता बहाणा. पुरावा हवा? १२०४ साली ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं!’

क्रुसेड म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्त्यांनी मुसलमानांविरुद्ध काढलेल्या मोहिमा. आधी धाकटी मुलं. पहिल्या क्रुसेडला, १०९६ला निघालेला नॉर्मंडीचा रॉबर्ट हा इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा थोरला मुलगा. तुलूझचा रेमंड पन्नाशीच्या आसपासचा, दक्षिण फ्रान्समधला गब्बर सरदार. धाकटा बाल्डविन आणि वारशात डावललेला बोहेमंड यांनी मात्र वाटेतली एडेसा आणि अँटिऑक ही शहरं अनुक्रमे बळकावली, हे खरं. मजकूर लिहिणाऱ्याला हे दोघेच दिसले असावेत.

लुटीचं म्हणाल, तर निघण्यासाठीच घर गहाण पडत होतं. रॉबर्टने १०,००० मार्क (मार्क हे चांदीचं वजनी माप) चांदीसाठी अख्खं नॉर्मंडी भावाकडे गहाण टाकलं. जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम पडल्यावर बहुतेक जण घरी परतले. जेरुसलेमचा कारभार हाती घेतलेल्या गॉडफ्रीजवळ जेमतेम ३०० सरदार उरले. जमिनीसाठी आलेली माणसं अशी जमीन सोडून जातात का? वाटेत गावं लुटली हे खरंच, पण अँटिऑकच्या वेढ्यात घोडे उपासमारीने मरत होते. तिथे लूट म्हणजे बहुतेकदा शिधा.

आता १२०४. इथे लोभ होताच, पण सुरुवात उधारीची आहे. १२०१मध्ये चौथ्या क्रुसेडवाल्यांशी झालेल्या करारात व्हेनिसने ३३,५०० माणसं आणि ४,५०० घोडे नेण्यासाठी जहाजं आणि वर्षभराचा शिधा द्यायचा ठरलं, मोबदला ८५,००० मार्क. प्रत्यक्षात आली जेमतेम एक तृतीयांश माणसं. जहाजं तर बांधून तयार! ३४,००० मार्क कमी पडले. मग व्हेनिस म्हणालं, आमच्यासाठी झारा हे बंदर जिंका, पैशांचं नंतर बघू. झारा पडलं. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या पदच्युत बायझंटाइन सम्राटाच्या मुलाने, बापाला गादी परत मिळवून दिलीत तर २ लाख मार्क देतो, असं कबूल केलं. गादी मिळाली, पैसे पुरते आले नाहीत, आणि त्या राजपुत्राचाही खून झाला. कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं ते त्यानंतर. धाकट्या मुलांचा इथे काय संबंध?

राहिला ‘बहाणा’. १०९६ मध्ये जर्मनीतल्या मेन्त्स शहराच्या ज्यूंनी जीव वाचवायला क्रुसेडच्या एका टोळीचा म्होरक्या एमिखो याच्याकडे सोनं पाठवलं. त्याने ते ठेवून घेतलं आणि तरीही त्याच्या माणसांनी कत्तल केली. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले ते वाचले. धर्म नुसता बहाणा असता, तर असं झालं असतं का?