४ जुलैला सगळ्यांच्या सह्या झाल्या नव्हत्या

‘४ जुलै १७७६ रोजी ५६ जणांनी एकत्र बसून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या’ हा मेसेज, खाली दोन डॉलरच्या नोटेमागचं चित्र जोडून, अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. सातवी-आठवीची मुलं तो जसाच्या तसा प्रोजेक्टमध्ये उतरवतात, म्हणून हा खुलासा.

ब्रिटनपासून वेगळं व्हायचा ठराव फिलाडेल्फियात वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, २ जुलैलाच मंजूर झाला. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी तेव्हा तटस्थ राहिले होते. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. जॉन डनलॅपच्या छापखान्यातून लगेच प्रती निघाल्या. त्यांवर नावं दोनच, तीही छापील: काँग्रेसचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन. चर्मपत्रावर सुवाच्य प्रत लिहून घ्यायचं १९ जुलैला ठरलं आणि बहुतेकांनी सह्या केल्या २ ऑगस्टला. न्यू हॅम्पशायरचा प्रतिनिधी मॅथ्यू थॉर्नटनची तर नोव्हेंबरात झाली! पण त्या चर्मपत्राच्या माथ्यावर तारीख आहे ४ जुलैची. सगळा घोळ तिथला.

आता ते चित्र. चित्रकार जॉन ट्रंबुलने रंगवलाय तो मसुदा सादर करण्याचा प्रसंग, सह्यांचा नव्हे. मुलांना टेबलापुढे उभी असलेली माणसं मोजायला सांगा. पाच भरतील, तीच मसुदा समिती. कागद मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या हातात आहे.

आणि मुलांची तारीख चुकली तर फार रागावू नका. मसुदा समितीतल्या खुद्द जॉन ॲडम्सने ३ जुलैला बायकोला लिहिलं होतं, की पुढच्या पिढ्या २ जुलैचा सण साजरा करतील.