वाफेच्या रसिकांस चार समजुतीच्या गोष्टी

सिगारेट ओढणारा मनुष्य अडाणी असतो. काडी ओढावी, धूर सोडावा आणि खोकावे, एवढेच त्याचे शास्त्र. ई-सिगारेट ओढणारा मात्र रसिक असतो आणि रसिकाला घाई शोभत नाही. म्हणून नवी कॉईल, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ करणारे तारेचे वेटोळे, बसवल्याबरोबर झुरका मारू नये. तिच्यातल्या कापसावर द्रवाचे चार-पाच थेंब सोडावेत, टाकी भरावी आणि वात तेलात मुरण्याची वाट पाहावी तसे दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. कोरडा कापूस तापला की घशात जळक्या चिंधीची चव उतरते आणि तिच्यासोबत फॉर्माल्डिहाइडही उतरू शकते. याच्याच पाण्यातल्या द्रावणात मृतदेह टिकवून ठेवतात. आपण अद्याप त्या पायरीवर आलेले नसल्याने इतक्या लवकर तयारीला लागण्याचे कारण नाही.

स्वाद खुलवायचा असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल अधिक असलेला द्रव घ्यावा आणि यंत्राचे वॅट, म्हणजे तापवण्याचा जोर, बेताचे ठेवावेत; ज्यांना केवळ ढग सोडून भोवतालच्यांना दिपवायचे आहे, त्यांनी ग्लिसरीनवर भर द्यावा. यातले स्वाद खाण्यास सुरक्षित असल्याची ग्वाही विक्रेता देतोच. श्वासनलिकेने आजवर काही खाल्ल्याचे ऐकिवात नाही, पण एवढ्या खोलात कोण शिरतो? लोण्याचा स्वाद देणारे डायअसेटिलही खाण्यास चालतेच. तरी 2000 साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ नाकातोंडात गेलेल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसल्याचे उघडकीस आले. पुढे 2019 मध्ये त्याच देशात, मुख्यतः गांजाच्या अर्काच्या द्रवांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटने हाहाकार माजवला आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत वाफ ओढणाऱ्या 68 जणांच्या मृत्यूची नोंद झाली. हेही द्रव्य कातडीला लावायला उत्तम आणि पोटात घ्यायला निर्धोक. फुफ्फुसांचा स्वभावच मुळी नाठाळ, त्याला द्रव्याने काय करावे?

सुटी बॅटरी किल्ल्या आणि चिल्लर यांच्या सहवासात खिशात ठेवू नये, कारण शॉर्टसर्किट झाल्यास ती पेट घेते. प्लास्टिकची डबी वापरावी. मांडीचे कातडे मांडीवरच राहिलेले बरे. निकोटीनची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये, कारण स्ट्रॉबेरीचा वास कोणासाठी आहे, हे मुलांना आपल्याआधी कळते.

एवढे सारे पाळूनही काही दिवसांनी जीभ बधिर होते आणि आंबा, पुदिना, व्हॅनिला सगळे एकाच चवीचे लागू लागते. अशा वेळी भरपूर पाणी प्यावे, स्वाद बदलावा आणि एक-दोन दिवस यंत्र बाजूला ठेवावे. मात्र ही विश्रांती फार लांबवू नये. एखाद्या सकाळी नुसत्या हवेचीच गोडी लागली, तर घरात जमवलेल्या वीस बाटल्यांचे करायचे काय?